त्या देशाचं मीठ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

आज पुन्हा मिठाची डबी तुंबली. अंडं उकडलेलं, सोललेलं, समोर तयार, आणि डबीतून मीठ नाही. डबी आपटली. ठोकली. टाचणीने भोकं टोकरली. शेवटी झाकणच निघालं आणि सगळं मीठ अंड्यावर. या घरात माझ्याविरुद्ध जे काही चाललं आहे त्याची निवृत्त न्यायाधीशांकडून चौकशी झाली पाहिजे. सुचिता म्हणाली, समुद्राकाठी राहतोस, हवा दमट आहे, डबीत तांदळाचे चार दाणे टाक. मी म्हटलं, प्रश्न तांदळाचा नाही, व्यवस्थेचा आहे. तिने पर्स उचलली. कुठल्याही मूलभूत चर्चेच्या वेळी बायकोची पतपेढी नेमकी उघडते.

माझे आजोबा मिठागरात राबले. वडील मिठागरात राबले. मी पन्नासाव्या वर्षी अळणी अंडं खातोय. नोंद असावी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आणि योगायोग बघा! मुंबईहून कल्पिता मॅडमचा फोन. त्यांच्या एजन्सीकडे एका परदेशाच्या व्यापार कचेरीचं काम आलंय. तो देश आता भारतात मीठ विकणार. सुरुवात अलिबाग पट्ट्यातल्या फार्महाऊसवाल्यांपासून आणि रिसॉर्टपासून. त्यासाठी त्यांना इथला 'लोकल क्रिएटिव्ह पार्टनर' हवा होता. तो मी. गेल्या वर्षी त्यांच्या एका बिल्डरचे तीनशे फ्लेक्स मी वेळेत छापून दिले होते. फ्लेक्स काय कुणीही छापतं. त्यांनी त्यामागची दृष्टी हेरली असणार.

करारात गुप्ततेचं कलम आहे. देशाचं नाव जाहिरात लागेपर्यंत कुठेही लिहायचं नाही. ही रोजनिशी कपाटात कुलपात असते, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. इथेही 'तो देश'.

५ फेब्रुवारी

संकल्प. पहाटे पाचला उठणे. इंग्रजी बातम्या ऐकणे. दुकानाला यापुढे दुकान न म्हणता 'स्टुडिओ' म्हणणे. लग्नपत्रिका, बारशाचे बॅनर, वाढदिवसाचे नवनेते पूर्ण बंद. (मे महिन्याचा सीझन सोडून.)

कॉलवर मॅडमनी सगळं समजावलं. त्या देशाची जगात ख्याती काय? स्वच्छ. हिरवा. नदीचं पाणी ओंजळीने प्यावं, असा. तेव्हा त्याचं मीठ कसं असणार? स्वच्छ आणि हिरवं. म्हणजे रंगाने नव्हे, मनाने. उद्या तो देश खिळे विकायला लागला तरी ते हिरवे खिळे. किती साधं! मी जेवताना सुचिताला सांगितलं. ती म्हणाली, देश स्वच्छ आहे तो तिथल्या लोकांनी झाडला म्हणून, त्यात मिठाने काय केलं? तिला मार्केटिंग कळत नाही. मी वाद घातला नाही. आमटी अळणी होती.

९ फेब्रुवारी, रविवार

नमुने आले. काचेची बाटली, लाकडी बूच, वर हिरवं पान. आत दीडशे ग्रॅम मीठ. किंमत साडेसहाशे. चाखलं. खारट. पण त्या खारटपणात एक संयम आहे. आपलं मीठ जिभेवर ओरडतं, हे कुजबुजतं. (कॉपीत वापरणे.)

सुचिताला डोळे मिटायला लावून दोन्ही चाखवली. म्हणाली, दोन्ही मीठच. चव हा पतपेढीचा विषय नव्हे.

एक छोटी अडचण. तिकडचे फोटो आले ते बघून धसकाच बसला. पत्र्याची शेड, स्टीलच्या टाक्या, वाफेचे पाइप, डोक्याला जाळी लावलेला एक माणूस. त्या देशात म्हणे ऊनच नाही, त्यामुळे समुद्राचं पाणी बॉयलरवर उकळून मीठ काढतात. ऊन नसलेल्या देशाने आपल्याला मीठ विकावं. याला म्हणतात जिद्द.

मॅडम म्हणाल्या, रामचंद्रजी, हे फारच फॅक्टरी वाटतंय. लोकांच्या डोक्यात जो देश आहे ना, तो दाखवा.

डोक्यातला देश. वा. हे वाक्य वहीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे पाचला उठलो! (संकल्प क्र. १. गजराने नव्हे, निष्ठेने.) कॅमेरा घेऊन थेट आवडाकाकीच्या मिठागरावर.

आवडाकाकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. आमच्या वावेखारात एके काळी सगळ्यांची मिठागरं होती. आता कुणाचे ट्रेलर आहेत, कुणाचा कंटेनरचा धंदा, माझा स्टुडिओ. मीठ पिकवते ती एकटी काकी. तिचा मुलगा विपुल ट्रेलर चालवतो आणि दर महिन्याला म्हणतो, आये, इक आता. कंटेनर यार्डवाले जमीन मागतायत. काकी म्हणते, गिऱ्हाईक हाय तवर कशाला इकू? गिऱ्हाईक म्हणजे नागावच्या वाटेवरचं एक मोठं रिसॉर्ट. सगळी रास तेच उचलतं.

प्रकाश अप्रतिम होता. पाण्यात आभाळ. काकी डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चालताना, एक हात कमरेवर. मी म्हटलं, काकी, पुन्हा चाल. पुन्हा. आता तिकडून. टोपली जरा पुढे. ती म्हणाली, रामा, मीठ ओढायचा राह्यलाय, ऊन चढला का पाय जलतान. मी म्हटलं, पाचच मिनिटं. मग तिने विचारलं, माज्या म्हातारीचा फोटू कशाला रं, सुचिताचा काढ. मी म्हटलं, परदेशाचं काम आहे.

हे शब्दशः खरं आहे. पुन्हा वाचून पाहिलं. खरंच आहे.

निघालो तेव्हा साडेअकरा झाले होते. काकी तेव्हा कुठे मीठ ओढायला लागली. कलेसाठी सगळ्यांनाच थोडी झळ सोसावी लागते.

१४ फेब्रुवारी

दिवसभर कॉम्प्युटरवर. फोटोतून मागच्या कंपनीची चिमणी काढली. विजेचे टॉवर काढले. निळी ताडपत्री काढली. मागचा डोंगर ठेवला, पण हिरवा केला. फेब्रुवारीत आमच्या डोंगराला टक्कल असतं. बगळा तसाच ठेवला. बगळा आंतरराष्ट्रीय आहे. काकीच्या कासोट्याच्या साडीचा घोळदार झगा केला. केस सोनेरी. चेहरा टोपलीच्या सावलीत होता, तेवढा वाचलो. कमरेवरचा हात ठेवला. त्यात डौल आहे.

मग कॉपी. 'इंग्रिडच्या घराण्याने पाच पिढ्या हा समुद्र जपला. जिथे धूर नाही, घाई नाही, तिथलं मीठ.' इंग्रिड हे नाव पहिल्या फटक्यात सुचलं. प्रतिभा म्हणजे दुसरं काय असतं?

मनात किंचित काहीतरी टोचत होतं. नीट विचार केला तेव्हा ती ॲसिडिटी निघाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मंजूर! एकही दुरुस्ती नाही. मॅडम म्हणाल्या, इतकं ऑथेंटिक काम त्यांनी वर्षभरात पाहिलं नाही. फोटो कुठे काढला असं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या देशाच्या साहेबांनी मात्र विचारलं की हे आपल्याकडे नेमकं कुठे आहे. मॅडमनी ठोकून दिलं, उत्तर किनाऱ्यावर. साहेब भावुक होऊन म्हणाले, वाटलंच, माझी आजी तिकडचीच.

परक्या माणसाला त्याची आजी मिळवून दिली. याचं वेगळं बिल लावता येत नाही.

२ मार्च

मांडव्याच्या रस्त्याला होर्डिंग लागलं. चाळीस बाय वीस. लाँचवरून उतरलेला प्रत्येक मुंबईकर आधी इंग्रिडला बघणार, मग समुद्राला. फ्लेक्स मीच छापला. एक जण थांबून म्हणाला, हिरव्या देशाची जाहिरात आणि छापलीय प्लास्टिकवर. काही लोकांचा स्वभावच नकारात्मक. तरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'झाडे लावा' टाकलं आहे.

आता देशाचं नाव सगळ्या जगाला दिसतंय. गुप्तता संपली. तरी इथे 'तो देश'च लिहीन म्हणतो. हाताला सवय झालीय.

६ मार्च

दादूचा फोन. दादू म्हणजे आमच्या गावचा रिक्षावाला आणि गावकीचा पंच. दोन्ही कामांत मीटर नाही. म्हणाला, राम्या, मांडव्याच्या रस्त्याला आपली आवडाकाकी उभी हाय. गोरी झालीय, पन हाय काकीच. मी हसून म्हटलं, काहीतरीच काय, ती परदेशी बाई आहे. तो म्हणाला, परदेशी बाई पन बांधावरून पडली व्हती काय? कमरेवर हात बघ तिचा.

मला तो डौल वाटला होता. काकी सात-आठ वर्षांपूर्वी बांधावरून पडली होती, तेव्हापासून कमरेला आधार दिल्याशिवाय तिला ओझं घेऊन चालता येत नाही. हे मला माहीत होतं. म्हणजे माहीत असणार. हॉस्पिटलात तिला बघायला मी गेलो होतो.

दादूला म्हटलं, कमरेवर हात कुणीही ठेवतं. तो म्हणाला, बरा, शिमग्याला बोलू.

८ मार्च, शनिवार

जागतिक महिला दिन. सकाळी गावच्या ग्रुपवर शुभेच्छा टाकल्या.

दुपारी काकी दारात. दादूच्या रिक्षाने मांडव्याला जाऊन होर्डिंग बघून आली होती. मी स्वयंपाकघरात जायला लागलो, सुचिताने बाहेर ढकललं. मी खुलासा तयार ठेवला होता: जाहिरात ही प्रतीकांची भाषा, वगैरे. काकी खुर्चीत बसली आणि म्हणाली, केस बरं केलंस रं माजं. पन पदर कुठं गेला?

मग म्हणाली, एवढा मोठा बोरड लावलंस माज्या मिठाचा, मना सांगितला पन न्हाय!

तिच्या मिठाचा.

तिला वाटतंय, मी तिच्या मिठाची जाहिरात केली. विपुलला फोन करून तिने सांगूनही टाकलं, आता चार रिसॉर्टवाले येतील, यार्डवाल्यांना म्हनावं जावा. सोबत पाटीभर ओले जवळे आणले होते माझ्यासाठी.

मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात चहा आला. चहानंतर विषय सुचिताच्या बहिणीच्या गुडघ्यावर गेला, आणि गुडघ्यावरून परत मिठावर आणणं बरं दिसलं नसतं.

जवळ्याची भजी छान झाली. मी दोनच खाल्ली. पित्त आहे.

११ मार्च, मंगळवार

विपुल स्टुडिओवर आला. बसला नाही. रिसॉर्टने काकीचं मीठ बंद केलं. आता तिथे टेबलाटेबलावर त्या देशाच्या बाटल्या आहेत, आणि प्रत्येक बाटलीला एक कार्ड. कार्डावर काकी.

म्हणाला, रामदादा, माझ्या आयेचाच फोटू दाखवून माझ्या आयेचंच मीठ बंद केलंस. डोका लागतं याला.

मी म्हटलं, विपुल, मार्केट फोर्सेस असतात. तो म्हणाला, मना फोर्स नको सांगू, मी चाळीस टनाचा ट्रेलर चालवतो. रास तशीच पडून आहे. पावसाआधी उचलली गेली नाही तर पाणी पाणी होईल. यार्डवाल्यांना तो पाडव्यानंतर हो म्हणणार आहे.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. दोष कुणाचा? रिसॉर्टचा. खाणाऱ्यांच्या मानसिकतेचा. जागतिकीकरणाचा. दमट हवेचा. यादी बरीच मोठी झाली. शेवटचं नाव आलं तेव्हा झोप आली.

१२ मार्च

काकीचा निरोप: येऊन जा. गेलो. तिच्या हातात ते कार्ड. म्हणाली, इंग्लिश हाय, वाच. मी म्हटलं, चष्मा नाही आणला. चष्मा माझ्या डोक्यावर होता. तिने तो खाली ओढून माझ्या नाकावर बसवला.

वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. इंग्रिडच्या घराण्याने पाच पिढ्या. काकी म्हणाली, ही कोन? मी म्हटलं, काकी, ही तू. ती म्हणाली, आमच्या तर चारच पिढ्या. पुढे वाचलं, जिथे धूर नाही. तिने मान वळवून कंपनीच्या चिमणीकडे बघितलं. जिथे घाई नाही. ती म्हणाली, त्या दिवशी तुना व्हती ना. वाच पुढं. आनि मीठ कोनचा लिवलाय?

मी म्हटलं, त्या देशाचं.

आनि माज्या मिठाचा नाव कुठं हाय?

मी म्हटलं, काकी, ब्रँडिंगमध्ये काय असतं. ती म्हणाली, हाय का न्हाय तेवढा सांग.

न्हाय, असं मी तिच्याच भाषेत म्हणालो. का कोण जाणे. घरात ही भाषा बोलून मला तीस वर्षं झाली.

ती उठली आणि कोरा चहा करून आणला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येतं. चहा घ्यावा लागतो.

१३ मार्च, गुरुवार. होळी

होळीभोवती दरवर्षी बोंब कुणाच्या ना कुणाच्या नावाने असते. वीज कंपनीच्या, कंत्राटदाराच्या, पळून गेलेल्या भिशीवाल्याच्या. यंदा माझ्या. राम्याच्या गोऱ्या काकीच्या नावानं! लहान पोरंसुद्धा इंग्रिड म्हणायला शिकली. मी हसत उभा होतो. सगळ्यांत मोठ्याने बोंब मीच मारली, लोकांना वाटायला नको की मनाला लागलंय.

घसा बसलाय.

१५ मार्च

देवळात गावकी बसली. मी दोन पानी निवेदन नेलं होतं, 'सत्य, कल्पना आणि जाहिरात'. बसलेल्या घशाने पहिलं वाक्य वाचलं. दादूने थांबवलं. फोटूचा आमाला काय करायचा न्हाय, म्हणाला. गिऱ्हाईक गेला त्याला पन गावकीचा कायदा न्हाय. गावकीचा कायदा एवढाच: दुसऱ्याच्या कामाची येल घेतली तर येल परत करायची. त्या बुधवारी काकीची सकाल घेतलीस, तेवढी सकाल तिच्या मिठागरावर दे.

मी जगभराच्या नीतिमत्तेची तयारी करून गेलो होतो. आणि मागितली काय, तर एक सकाळ.

म्हटलं, दोन मजूर पाठवतो. दादू म्हणाला, घरचा मानूस पायजे. म्हटलं, तसं नाही, पण माझी कंबर जरा.

सगळी गावकी हसली. काकी सोडून. ती कमरेवर हात ठेवून खांबाला टेकून उभी होती.

१७ मार्च

सकाळ द्यायचीच आहे. पण टोपल्या वाहून काकीचं गिऱ्हाईक परत येणार आहे का? मी बुद्धीने काम करणारा माणूस. भरपाई बुद्धीने करणार. कल्पना सुचलीय. साधी, आणि म्हणूनच थोर.

काकीचं मीठ त्या देशाला निर्यात करायचं! ते आपल्या देशाच्या हिरवेपणावर आपल्याला मीठ विकतात, आपण आपल्या देशाच्या हिरवेपणावर त्यांना विकू. त्यांच्याकडे तर ऊनही नाही. सुचिताला विचारलं, भारत म्हटलं की हिरवं असं काय डोळ्यांसमोर येतं? ती भाजी चिरत होती. म्हणाली, मिरची.

१८ मार्च

कल्पिता मॅडमना फोन. योजना सांगितली. त्या फार नम्र आहेत. म्हणाल्या, सर, भारताची इमेज योगाची आहे, मसाल्याची आहे, हत्तीची आहे. ग्रीनला जरा अवघड जाईल. मी म्हटलं, मॅडम, एकदा फोटो बघाल तर पटेल. पहाटेचं मिठागर, बांधावरून जाणारी बाई. त्या म्हणाल्या, पाठवा ना. मी म्हटलं, तुम्ही पाहिलाय. तोच.

मग म्हणाल्या, पण सर, तो फोटो तर त्यांच्या देशातला आहे ना?

आता बोलायची वेळ होती. वाक्य तोंडात तयार होतं. नाही मॅडम, ती माझी काकी आहे. सहा शब्द.

मी म्हटलं, हो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ होर्डिंगची मूळ फाईल उघडून बसलो. सोनेरी केसांचा थर काढला. काळे-पांढरे केस आले. झगा काढला, साडी आली. चिमणी परत लावली. सेव्ह करायला गेलो तर कॉम्प्युटरने विचारलं, आधीच्या फाईलवर हीच लिहू का? मी कॅन्सल दाबलं. क्लायंटची फाईल आहे.

२१ मार्च

रिसॉर्टवर गेलो, खास काकीसाठी. तिथला खरेदीचा मॅनेजर साहिल, सज्जन मुलगा. म्हणाला, काका, आजींच्या मिठाला नाव ठेवायला जागा नाही. पण गेस्ट आजकाल विचारतात, याची स्टोरी काय? बाटलीच्या मिठाला स्टोरी आहे. आजींच्या मिठाला स्टोरी कुठेय?

समोर टेबलावर बाटली होती आणि कार्डावर आजी होत्या.

मी घसा खाकरला. साहिल म्हणाला, बरं झालं तुम्ही आलात, आमची मेनू कार्डं बदलायची आहेत, चारही रेस्टॉरंटची. रेट द्या.

रेट दिला.

परतीच्या वाटेवर स्वतःला समजावलं की संबंध टिकवले तर पुढे कधीतरी विषय काढता येईल. कोपऱ्यावर गाडी थांबवून पाणी प्यायलो. आरशात तोंड दिसत होतं, आरसा फिरवून ठेवला.

२३ मार्च, रविवार

मिठागरावर जाणार होतो. कंबर खरंच दुखतेय. सुचिताने विचारलं, कुठे दुखतंय दाखव. मी दाखवली. ती म्हणाली, काल डावीकडे होती.

२५ मार्च

दादू शाई-कागद घ्यायला आला, गावकीच्या पावत्यांसाठी. आपणहून काही सांगत नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, काकीची रास गेली.

मला वाटलं, यार्डवाले. नाही. काकी परवा त्याच्याच रिक्षाने रेवदंड्याला गेली होती. तिथे सुक्या मासळीच्या धंद्यातली केसर म्हणून बाई आहे, तिच्यासमोर काकीने मिठाची पिशवी उघडून ठेवली. दोघी तासभर भांडल्या. दादूला वाटलं, मारामारी होतेय. मग कळलं, भाव चाललाय. रिसॉर्टपेक्षा बराच कमी भाव ठरला, पण सगळी रास केसर उचलणार, आणि पुढच्या सीझनचीही. मासळी खारवायला. विपुलने यार्डवाल्यांना सांगितलं, यंदा न्हाय.

मी म्हटलं, वा! केसरबाईंना एक छानसा बोर्ड करून देऊ का? फुकट. दादू म्हणाला, नको.

कागदाचे पैसे मी घेणार नव्हतो, त्याने टेबलावर ठेवले आणि गेला. काकीचं सगळं सुरळीत झालं आणि त्यात माझा काडीचाही उपयोग झाला नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवणार नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

२७ मार्च

उद्या.

२८ मार्च, शुक्रवार

उजाडता मिठागरावर गेलो. कॅमेरा नेला नाही. काकी आधीच पाण्यात होती. मला बघून तिला नवल वाटलं असावं, पण तिने तसं दाखवलं नाही. लांब दांड्याची फळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चपला काढ.

मीठ ओढायला जोर लागतो हे मी विसरलो होतो. म्हणजे मला ते कधी माहीतच नव्हतं. मी आठवीत असतानाच वडिलांनी मला अलिबागला मामाकडे ठेवलं, मिठात हात घालायला लागू नये म्हणून. थोड्या वेळाने टाचांच्या भेगांत मीठ शिरलं. बोंबलावंसं वाटलं. काकी बाजूच्या कप्प्यात काम करत होती, तिच्या टाचांकडे बघितलं आणि बोंबललो नाही.

मग टोपल्या. पहिली बांधावरच सांडली. काकी म्हणाली, चुंबळ नीट ठेव, मान ताठ, आनि पायाकडं नको बघू. दुसरी नेली. तिसऱ्या टोपलीनंतर माझा हात आपोआप कमरेवर गेला.

रस्त्यावर मुंबईची एक गाडी थांबली. कुणीतरी मोबाईल बाहेर काढून आमच्याकडे रोखला. काकी चालत राहिली. मी टोपली पुढे ओढून तोंड झाकलं.

ऊन चांगलंच चढल्यावर काकी म्हणाली, झाली तुजी सकाल. मी म्हटलं, अजून थोडं ओढतो. ती म्हणाली, नको, घेतली तेवढीच द्यायची. आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

घरी आलो. सुचिताने पायांकडे बघितलं, गरम पाणी आणून ठेवलं, कुठे गेला होतास असं विचारलं नाही. दादूला कळवायला हवं की सकाळ फिटली. गावच्या ग्रुपवर टाकावं म्हणून फोन हातात घेतला, दोन ओळी लिहिल्याही. मग पुसल्या.

काकीला माहीत आहे.